घरच्या मापांचं पान

निकाल आला तेव्हा थोरलीच्या तोंडात चार टाचण्या होत्या. समोर लाकडी पुतळ्यावर एका जाड्या गिऱ्हाइकाचा कोट चढवलेला होता, त्याची काख काही केल्या बसत नव्हती आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. तिला हॅलोसुद्धा म्हणता आलं नाही. पलीकडून वकीलबाईच बोलत सुटल्या, "रद्द झाली. तक्रार रद्द, पुढची सगळी कारवाई रद्द. भावाला सांगा, येत्या सोमवारी ठाण्यात जायचं नाही. ऐकताय ना?" थोरलीने नुसता हुंकार भरला. मग एकेक करून चारही टाचण्या काढल्या, मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि चौथी खोचून झाल्यावर पुतळ्याला धरून रडली. या घरात रडायचं झालं तरी आधी टाचण्या जागच्या जागी जातात.

दोन वर्षं धाकटा दर सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस ठाण्यात जात होता, एका जाड रजिस्टरात सही करत होता आणि परत येऊन मुकाट्याने मशीनवर बसत होता. एकशे तीन सोमवार झाले होते. हा हिशेब काकांचा, कारण अशा गोष्टी मोजायला त्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्याचा पासपोर्ट जमा होता, नाटक कंपनीच्या कपडेपटातलं काम सुटलं होतं आणि समोरच्या फुटपाथवरून चालणं त्याने सोडून दिलं होतं. समोरच्या फुटपाथवर चष्म्याचं दुकान होतं आणि तक्रार त्याच दुकानातून आली होती.

थोरलीने त्याला हाक मारली. तो आतून बटणांचा डबा घेऊन आला.

"संपलं," ती म्हणाली.

"काय? काळी बटणं?"

"केस. केस संपली. सोमवारी जायचं नाही तुला."

तो डबा हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "मग सोमवारी करायचं काय?" आणि हसायला लागला. हसता हसता त्याने डबा खाली ठेवला, तो नेमका टेबलाच्या कडेवर, आणि दोनशे-अडीचशे बटणं घरभर उधळली. खिडकीपाशी बसलेले त्यांचे वडील, म्हणजे ज्यांना अख्खा रस्ता मास्तर म्हणतो ते, थरथरत्या हाताने एकेक बटण उचलायला लागले. त्यांच्या हाताला कात्री धरवत नव्हती त्याला सात वर्षं झाली होती. बटण मात्र त्यांना उचलता येत होतं. तिघंही जमिनीवर बसून बटणं गोळा करत राहिले आणि तेवढ्या वेळात कुणालाच कुणाकडे बघावं लागलं नाही, ते बरंच झालं.

चार वाजता काका-काकू आले. काका म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, छापखान्यात प्रूफं तपासून निवृत्त झालेले. निवृत्त झाले तरी हातातलं पेन काही सुटलं नव्हतं. त्यांना आलेल्या लग्नपत्रिकेतल्या चुका दुरुस्त करून ती पत्रिका त्यांनी मुलीच्या बापाला परत पाठवली होती, ही गोष्ट नातेवाइकांत अजून सांगितली जाते. वकीलबाईंनी पाठवलेला निकाल कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून घेऊन ते आले होते. एकोणीस पानं. काकूंच्या हातात केक होता.

काकू केक घेऊन आल्या याचं थोरलीला हसू आलं. पहिल्या महिन्यात याच काकू म्हणाल्या होत्या, "काहीतरी केल्याशिवाय कुणी मुलगी ठाण्याची पायरी चढत नाही." आणि मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत चार महिने या घरात फिरकल्या नव्हत्या. आज मात्र त्यांनी धाकट्याच्या गालावरून हात फिरवला. "मला पहिल्यापासून खात्री होती," त्या म्हणाल्या. काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, पण हे वाक्य दुरुस्त करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

या घरात काही महत्त्वाचं असलं की सगळे कापायच्या टेबलाभोवती बसतात. घरात तेवढं मोठं टेबल दुसरं नाही. आई गेल्याचं फोनवर कळलं तेही या टेबलापाशीच, आणि थोरलीने आपलं ठरलेलं लग्न मोडून दुकान हातात घेतलं तेही इथेच. तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्याचे शाळेचे शर्ट तिने याच टेबलावर कापले.

"वाचू का?" काकांनी पानं सरळ केली, पेनाचं टोपण काढलं.

"आधी चहा घ्या," थोरली म्हणाली. "गार होईल."

"निकाल गार होत नाही का?" काकू म्हणाल्या. "वाचा हो."

थोरलीला तो निकाल वाचला जायला नको होता. सुटका झाली, तेवढं पुरे होतं. त्या एकोणीस पानांत कुठेतरी ती स्वतः असणार, हे तिला ठाऊक होतं. एका दुपारी आपण काय बोललो होतो, हे या रस्त्यावर दोनच बायकांना माहीत होतं. त्यातली दुसरी समोरच्या दुकानात बसून कुणाच्या तरी नाकावर नवी फ्रेम बसवत असेल.

दुकानात मापाची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लांबट. पुढून गिऱ्हाइकांची मापं आणि मागून, उलट्या बाजूने, घरच्या माणसांची. नाव, तारीख, छाती, कंबर, खांदा, बाही, आणि शेवटी 'कशासाठी' असा एक रकाना. मागच्या पानांवर आईची मापं अजून आहेत. मास्तरांचे नियम तीनच. वहीत खोडरबर चालवायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी तारीख घालायची. पान फाडायचं नाही. आणि एकाने माप घेतलं तर दुसऱ्याने ते डोळ्यांखालून घालून लाल पेन्सिलीने खूण करायची, त्या खुणेशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. गेली कित्येक वर्षं लाल पेन्सिल थोरलीच्या कानावर असते.

अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी काकूंच्या कोटाचं माप शोधताना तिला मागच्या बाजूला एक नवी नोंद दिसली. अक्षर धाकट्याचं. नाव समोरच्या चष्मेवालीचं. 'कशासाठी'च्या रकान्यात लिहिलं होतं, लग्नाचा पोशाख. थोरलीने वही मिटली, पुन्हा उघडली. आणि तशातही तिने सगळी मापं वाचली, खूण केली आणि समासात लिहिलं, 'खांदा पुन्हा घ्यावा'. धाकटा खांदा नेहमी अर्धा इंच जास्त धरतो, नऊ वेळा सांगून झालं होतं. मन कुठे होतं कोण जाणे, हात आपला शिरस्त्याप्रमाणे चालला.

त्याच संध्याकाळी धाकट्याने सगळं सांगितलं. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, तिचं आधी एक लग्न मोडलेलं. "बाबांना तूच सांग, ताई. तू सांगितलंस की ते ऐकतात." थोरली म्हणाली, बाबांचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगते. ऑपरेशन झालं, मग विश्रांती, मग धाकटा नाटकवाल्यांबरोबर आठ महिन्यांच्या दौऱ्यावर गेला. आणि तो नसताना एका दुपारी ती दुकानात आली. "ताई, त्याने घरी सांगितलंय म्हणतो. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." थोरली कापडावर खडूने रेघा मारत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आम्हाला तर काही बोलला नाही. आणि असं तो बऱ्याच जणींना म्हणतो." पहिलं वाक्य खोटं होतं आणि दुसरं तर निव्वळ दुष्टपणाचं. मुलगी दाराकडे वळली. जाताना एवढंच म्हणाली, "तुमच्या चष्म्याची काडी सैल झालीय. आणून द्या, घट्ट करून देते."

थोरलीने तो चष्मा कधीच नेऊन दिला नाही. काडीला दोरा गुंडाळून तोच ती अजून वापरत होती. दीड महिन्याने, लग्नाचं वचन देऊन फसवल्याची तक्रार घेऊन, पोलीस आले.

"परिच्छेद एक," काका सुरू झाले. ते वाचायचे तेव्हा स्वल्पविराम ऐकू यायचे. अर्जदार म्हणजे आपला धाकटा, तक्रारदार म्हणजे ती, हे त्यांनी सगळ्यांना समजावलं. तिसऱ्या परिच्छेदाशी येऊन ते खाकरले. "हा परिच्छेद ज्याने त्याने मनातल्या मनात वाचावा," असं म्हणून त्यांनी पान उलटलं. धाकटा कानापर्यंत लाल झाला. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"परिच्छेद चार. तक्रारदार हिचे म्हणणे असे, की ती अर्जदाराच्या दुकानी गेली असता त्याच्या थोरल्या बहिणीने तिला सांगितले, की घरी याविषयी कोणासही कल्पना नाही, व अर्जदार अशी वचने इतरही स्त्रियांना देत असतो. यावरून तिची खात्री झाली, की वचन मुळातच खोटे होते."

"काय काय लिहितात लोक," काकू म्हणाल्या आणि थोरलीच्या मांडीवर थोपटलं. "तुलासुद्धा ओढलं त्यात."

थोरलीने केक कापायला घेतला. सात तुकडे झाले, माणसं पाच होती.

पुढचे परिच्छेद सरळ होते आणि ऐकताना सगळ्यांच्या अंगावरून ओझं उतरत गेलं. वचन देतानाच ते पाळायचं मनात नसेल तर ती फसवणूक, असं कोर्टाने म्हटलं होतं. मनापासून दिलेलं वचन पुढे मोडलं तर माणसाला दोष देता येईल, गुन्हेगार ठरवता येणार नाही. काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ते स्वल्पविराम विसरले. धाकट्याने डोळे पुसले, काकूंनी त्याला केकचा तुकडा भरवला आणि मास्तर पहिल्यांदाच बोलले, "नीट लिहिलंय."

"दहावा ऐका. मात्र तक्रारदार स्त्रीला झालेले दुःख खोटे आहे, असा अर्थ कोणी काढू नये." काका थांबले. "हे मला आवडलं. परिच्छेद अकरा. अर्जदाराने दाखल केलेल्या मापवहीतील पान पाहता, तक्रारीच्या सुमारे सात महिने आधी त्याने तक्रारदाराचे नाव कुटुंबीयांच्या पानांवर 'लग्नाचा पोशाख' या नोंदीसह लिहिलेले आढळते. त्यावर कपडे कापण्याचे काम पाहणाऱ्या थोरल्या बहिणीची तपासणीची खूण व 'खांदा पुन्हा घ्यावा' असा शेरा आहे. यावरून या विवाहाची घरात कल्पना होती, हे उघड."

काका पुढे वाचायला लागले आणि अर्ध्या वाक्यात अडले. त्यांनी एक पान मागे घेतलं. आणखी दोन पानं मागे घेतली. पेनाने समासात एक छोटी फुली मारली.

"चार आणि अकरा जुळत नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"चौथ्यात ती म्हणते, थोरलीने घरी माहीत नसल्याचं सांगितलं. अकराव्यात थोरलीचीच खूण आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. कुठेतरी चूक राहिलीय. वकीलबाईंना सांगून कोर्टाला कळवायला हवं."

"अहो, सुटला ना पोरगा? आता कोर्टाची प्रूफं काय तपासताय?"

"चूक ती चूक. उद्या कुणी वाचलं तर..."

"कोर्टाची चूक नाही, काका," थोरली म्हणाली. हातातली सुरी तिने ताटलीत ठेवली. "दोन्ही खरं आहे. मला माहीत होतं. आणि मी तिला माहीत नाही म्हणून सांगितलं. बाकीचं पण मीच बोलले. इतर बायकांचं."

बाहेर कुणीतरी दुकानाचं दार ढकलून पाहिलं, बंद आहे हे बघून निघून गेलं. धाकटा टेबलावरच्या खडूच्या रेघांकडे बघत होता.

"ठाण्यातून आलो त्या पहिल्याच दिवशी मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "ती असं का सांगतेय म्हणून. तू म्हणालीस, खोटं बोलतेय."

"हो."

"मला ती खूणही माहीत होती. वकीलबाईंना मीच सांगितलं, ताईची आहे म्हणून. मला वाटलं, तू सगळ्याच पानांवर खुणा करतेस, नाव न बघता केली असशील."

"नाव न बघता मी कधी खूण केलीय?"

तो उठला, बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बसला.

"तिने माझे फोन घेणं बंद केलं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तिकडे परगावी. मला काही कळेना. शेवटी चिडून मीच निरोप टाकला, की विश्वास नसेल तर नाही करत लग्न, जा. तेवढंच वाक्य तिने पोलिसांना दाखवलं. दोन वर्षं मी तिला खोटारडी म्हणतोय, ताई. मनात. रोज."

"अरे, पण ताईने तुझ्यासाठी काय काय केलंय," काकू मध्ये पडल्या. काकू थोरलीची बाजू घेतील असं कुणाला वाटलं नव्हतं, थोरलीला तर मुळीच नाही. "स्वतःचं लग्न सोडलं तिने. आईसारखं वाढवलं तुला."

"काकू, नको," थोरली म्हणाली. "तेच तर. आईसारखं वाढवलं, आणि हा वेगळं बिऱ्हाड करणार म्हटल्यावर माझं मला दिसायला लागलं. मी, बाबा आणि मशीन. मला भीती वाटली. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. तिच्या पहिल्या लग्नाचं मी आपलं मनाला सांगायला धरून ठेवलं होतं."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "वही वकीलबाईंना कुणी दिली?"

"मी."

"खूण दिसेल, हे माहीत असून?"

"त्याला सोडवायला दुसरं काही नव्हतं."

"पान फाडलं असतंस तर कुणाला कळलं नसतं," काका म्हणाले. त्यात शाबासकी होती की नुसतीच नोंद, ते कळलं नाही.

"पान फाडायचं नसतं," मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी पुढ्यातली ताटली बाजूला सारली.

"मीही बघितलं होतं ते पान," ते म्हणाले. "मी दिवसभर या खिडकीत बसून करतो काय? वहीच चाळतो. त्याचं अक्षर, हिची खूण. म्हटलं, दोघांचं ठरलंय, आता मला सांगतील. वाट बघितली. वरच्या कपाटात निळं कापड काढून ठेवलंय, तुमच्या आईसाठी घेतलं होतं आणि शिवायचं राहून गेलं, ते. कुणी सांगितलंच नाही."

"बाबा, तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं," धाकटा म्हणाला.

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग पोलीस आले. मला वाटलं, घरच्या पानावर जिचं नाव लिहिलं तिलाच यानं फसवलं. वर्षभर बोललो नाही तुझ्याशी." मास्तरांनी रुमालाने नाक पुसलं. "एवढी तीन माणसं एका घरात. तिघांनी ते पान बघितलंय आणि तिघंही गप्प."

त्यावर काकू रडायला लागल्या, आणि त्या रडतायत म्हणून धाकट्याला हसू फुटलं, आणि तो हसतोय हे बघून मास्तरही दात नसलेल्या बाजूने हसले. थोरलीला वाटलं होतं की हे बाहेर आलं की घर बसेल. घर होतं तिथेच होतं. उलट गेल्या अडीच वर्षांत पहिल्यांदाच तिला छातीभर श्वास घेता येत होता. फक्त धाकटा अजून तिच्याकडे बघत नव्हता.

"तू जा तिच्याकडे," तो म्हणाला. "मी नाही जाणार. तू बोलली होतीस, तूच जाऊन सांग."

"आत्ता?"

"दुकान सहाला बंद होतं तिचं."

थोरलीने वही काखेत मारली. मूळ वही वकीलबाईंनी गेल्या आठवड्यातच परत केली होती. कानावर लाल पेन्सिल तशीच राहिली. वीस पावलांचा रस्ता, पण तो ओलांडायला तिला एक बस, दोन सायकली आणि एक टॅक्सी जाऊ द्यावी लागली. खरं तर रस्ता बराच वेळ मोकळाच होता.

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती काचेच्या कपाटामागे उभी राहून एका फ्रेमचा स्क्रू घट्ट करत होती. थोरलीला बघून तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला नाही.

"वकिलांशिवाय बोलू नये, असं मला सांगितलंय," ती म्हणाली.

"केस संपली. आता कसले वकील."

"संपली, माहितीय. सकाळीच कळलं." तिने मान खाली घातली. "रद्द एवढा शब्द वाचला, पुढे नाही वाचलं. मी खोटी ठरले, ते एकोणीस पानांत कशाला वाचू?"

"तू खोटी नाही ठरलीस. तसं कुठेही लिहिलेलं नाही." थोरलीने वही कपाटावर ठेवली, मागून उघडली, ते पान काढलं. "हे बघ. त्याने घरी सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. तू येऊन विचारलंस त्याच्या कितीतरी आधी. ही खूण माझी आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले. त्या दुसऱ्या बायका वगैरे, कुणी नव्हतं. मी बनवून सांगितलं."

तिने वही आपल्याकडे फिरवून घेतली. आपलं नाव वाचलं. वरच्या ओळीत मास्तरांचं माप होतं, त्याच्या वर आईचं. तिने बोट लावून शेवटच्या रकान्यापर्यंत वाचत नेलं आणि तिथलं पुन्हा एकदा वाचलं.

"हे माप त्याने घेतलं तेव्हा मला वाटलं, गंमत करतोय," ती म्हणाली. "म्हणजे तो खरं बोलत होता."

"हो."

"मग मी वेडी नव्हते."

"नाही गं."

ती तिथल्याच स्टुलावर बसली. रडली नाही. दोन वर्षं सगळ्या रस्त्याने तिच्याकडे बघून कुजबूज केली होती. त्याहून वाईट म्हणजे तिने स्वतःच स्वतःला एक मूर्ख बाई ठरवून टाकलं होतं. ते आता सुटलं होतं. थोरलीने पाणी आणून द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, पण हे काही तिचं घर नव्हतं.

"मी माफी मागायला आलेय," थोरली म्हणाली. "माफ कर असं म्हणायला मात्र तोंड नाही."

"मग म्हणू नका. मला आत्ता ते जमणार नाही." तिने वर पाहिलं. "माझं नाव काढून टाका यातून."

"वहीत खोडत नाही आम्ही. एक रेघ मारून तारीख घालता येते." थोरलीने कानावरची लाल पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "तूच मार. तुझं नाव आहे."

तिने पेन्सिल घेतली. टोक नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकवलं. थोरली दुसरीकडे बघू लागली. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता आणि त्याच्या खालच्या तीन ओळी तिला मुळीच दिसत नव्हत्या.

"खांदा पुन्हा घ्यावा," ती वाचत म्हणाली. "चुकला होता का?"

"अर्ध्या इंचाने. तो नेहमी चुकतो."

थोड्या वेळाने थोरलीच्या हाताला पेन्सिल लागली. पानावर नवी रेघ नव्हती.

"तो चष्मा द्या इकडे," ती म्हणाली. "दोरा काय बांधलाय. नजर तपासायला उद्या या. ते माझं काम आहे म्हणून सांगतेय, बाकी काही समजू नका." तिने दोरा कापला, काडी घट्ट केली आणि चष्मा परत दिला. बरोबर आठ मिनिटं लागली, दोन वर्षांहून जास्त राहिलेल्या कामाला.

थोरली परत आली तेव्हा काका-काकू गेले होते, मास्तर केकच्या उरलेल्या दोन तुकड्यांतला एक खात होते आणि धाकटा दारात उभा होता. चष्मा नाकावर सरकत नव्हता, याची तिला इतकी सवय मोडली होती की ती उगाचच तो वर ढकलत होती.

"काय म्हणाली?"

"नाव काढा म्हणाली. मी पेन्सिल दिली."

"मग?"

"पेन्सिल परत दिली."

धाकट्याने वही तिच्या हातातून ओढून घेतली, पान उघडलं, बघितलं. "म्हणजे? तिच्या मनात काय आहे? अजून राग आहे का? मी जाऊ का? काय वाटतं तुला, ताई?"

थोरलीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. गेली वीस वर्षं त्याच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या ओठांवर तयार असायचं. तिने कोटाची काख हातात घेतली, चार टाचण्या उशीतून काढल्या आणि तोंडात धरल्या. मग हातानेच त्याला समोरचा फुटपाथ दाखवला.

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. आज दुपारनंतर पहिल्यांदाच बघत होता. मग त्याने शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि सहाला पाच मिनिटं कमी असताना रस्ता ओलांडला.